बाईंची कूस कोणी बदलली?

या, जरा जवळ सरकून बसा. आणि नुसता अंगठा दाखवून पळून जाणं आधी बंद करा! कोणी जीव लावून लिहितं आणि तुम्ही खाली 'मस्त', 'बापरे' एवढंच टाकता... वैशू, तूसुद्धा. या ग्रुपवर मला तूच आणलंस, तर आता काकूचं पूर्ण वाचल्याशिवाय क्लासला जाऊ नकोस.

भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं मी कधी काही मानलं नाही. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मीच म्हणायची, "आधी तिले चहा पाजा, सकाळपासून उपाशी असंल." त्यामुळे तुम्ही मला हसलात तरी चालेल. मी स्वतःच हसून पाहिलं... जमलं नाही.

आम्ही अकोल्याला जुन्या शहरात राहतो, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. वैशू त्यांची मुलगी, अमरावतीला राजापेठेत शिकवणी वर्ग चालवते. दोन वर्षांपूर्वी बाईंना लकवा झाला, उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं, दिवसातून एखादा शब्द निघतो. चाळीस वर्षं आम्ही भाकरीच्या जाडीवरून भांडलो आणि आता मी त्यांना चमच्याने भरवते. माझ्या वरणाला अजूनही तोंड वाकडं करतात. अर्धंच होतं, पण मला कळतं!

खरं बोलायचं तर आता सोयी पुष्कळ झाल्या. आमच्या सासूबाई सात महिने खाटेवर होत्या, तेव्हा पडलेल्या माणसाची कूस बदलायची असते हेच आम्हा दोघींना कोणी सांगितलं नव्हतं. पाठ फुटली त्यांची, त्यातच गेल्या. त्या पाठीचा विषय आम्ही दोघी आजही काढत नाही. आता हवेची गादी मिळते, सिस्टर घरी येऊन पट्टी करून जाते आणि बाईंची सेवा करायला एजन्सीकडून आलेली रेहाना आहे. ती हे काम रीतसर शिकलेली. तिने भिंतीला तक्ता लावला — दर दोन तासांनी कूस, किती वाजता, कोणी बदलली. बाईंच्या अंगाखाली जुनं सुती लुगडं घडी करून घातलेलं असतं, ते दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं आणि फिरवायचं. एकटीने ओढलं तर कातडी घासते. "काकू, अकेले हात नहीं लगाना, माझी शपथ," असं रेहाना रोज बजावते.

पण रेहाना एकच. तिलाही घर आहे.

गेल्या मे महिन्यात ती भावजयीच्या बाळंतपणाला दर्यापूरला गेली. एजन्सीवाला "पाठवतो आजी, दुसरी बाई पाठवतो" म्हणत राहिला. बाईंच्या माकडहाडावर जखम होती, जेमतेम भरत आलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही पुन्हा उघडली तर ऑपरेशन, आणि या वयात त्यातून उठतील असं मी म्हणणार नाही." वैशूने अमरावतीत अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेणारं एक सेवाघर पाहून ठेवलं होतं. मीही पाहून आले, चांगलं आहे, स्वच्छ आहे... पण जखम असलेलं माणूस ते घेत नाहीत.

त्या दिवशी बारा वाजता शेजारची मंदा आली. आम्ही दोघींनी बाईंना जेवण्यापुरतं पाठीवर घेतलं.

"काकू, कुकर लावून आलीच मी. मंग फिरवू."

"लवकर ये वं माय, जखमेवर भार येते."

"हो ना वं काकू, दहा मिनटं!"

दहाची वीस झाली, मंदाचा पत्ता नाही. बाहेर ऊन म्हणजे नुसता आगीचा लोळ. कूलर लावायला गेले तर भिंतीवरचं एक बटन आदल्या दिवशीच जळालेलं. चालू बटनावर गादीचा पंप होता. आणि मी, शहाणी बाई, पंपाची पिन काढली, कूलरची लावली. मंदा येईपर्यंतच म्हटलं. तिला फोन करावा म्हणून खुर्चीत टेकले... आणि झोपले.

जाग आली तेव्हा सव्वाचार. गादीतली हवा गेलेली, नुसती पापडासारखी चपटी. चार तास बाई जखमेवर, जवळजवळ खाटेच्या लोखंडावरच! "बाई वं!" म्हणून ओरडत उठले...

बाई डाव्या कुशीवर होत्या.

गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा उशीच्या कडेबाहेर, अधांतरी. पाठीला लोड. खालच्या लुगड्याला एक सुरकुती नाही. मंदा आली असेल म्हणून दाराकडे पाहिलं, तर कडी आतून लावलेली, मीच लावली होती. थोड्या वेळाने मंदाने दार वाजवलं, रडकुंडीला आलेली. "काकू, माहा डोळाच लागला हो!"

ती गेल्यावर मी बाईंच्या तोंडाजवळ कान नेला. "कोनं फिरवलं वं बाई?"

त्या म्हणाल्या, "दोघी."

"कोन दोघी?"

बाई अर्ध्या तोंडाने हसल्या आणि डोळे मिटले. पुढे कितीदा विचारलं, शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने पट्टी सोडली. जखम कोरडी, गुलाबी. "छान सांभाळलं आजी," म्हणाली. तक्त्यावर मी 'डावी कूस' एवढंच लिहिलं होतं. रेहाना परतल्यावर म्हणाली, "काकू, वेळ अन् नाव लिहायचं राहिलं." म्हटलं, राहू दे.

झोपेत मीच उठले असेन का? पण एकटीने ते होत नाही. सासूबाई म्हणाव्या, तर कूस बदलणं त्यांच्या वेळी कुठे कोणाला ठाऊक होतं! पण मग वाटतं, सात महिने पडून राहिलेल्या बाईइतकं, कुठे दुखतं ते कोणाला कळेल? आणि दुसरी कोण?

बाईंची जखम भरली. त्या आहेत. पण रेहाना सुट्टीवर गेली की दुसरी बाई अजूनही मिळत नाही, आणि त्या दुपारसारखं कोणी पुन्हा येऊन फिरवेल या भरवशावर मी राहणार नाही. वैशू, व्हिडिओ कॉलवर तुला आईचा नुसता चेहरा दिसतो. लुगड्याचं एक टोक मी धरते, दुसरं धरायला ये. क्लासच्या मुलांची परीक्षा संपायची वाट पाहू नकोस बेटा, येत्या रविवारीच ये.