बाईंचा वावर

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे अमरावतीत माणसं कापसाखेरीज दुसरं काही बोलेनाशी झाली. अशा दिवसांत कापसाचा कारभार पाहणाऱ्या गोऱ्या साहेबाने मला, एका साध्या पंतोजीला, बोलावून घेतलं. युनिव्हर्सिटीत शास्त्र शिकणारे चार तरुण काळ्या जमिनीची परीक्षा करायला पुण्याकडून आले होते. त्यांना माती कळते, पण त्यांचं लिहिणं कुणाला कळत नाही आणि बोलणं ऐकून शेतकरी पळ काढतात. तेव्हा महिनाभर त्यांना लिहायला-बोलायला शिकवा, असं साहेबाचं म्हणणं. मला आकाश ठेंगणं झालं. युनिव्हर्सिटीचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तिची पोरं आता माझ्यापुढे मांडी घालून बसणार होती!

पहिल्याच दिवशी मी त्यांचे कागद टराटरा फाडले. माझा राग तसा गावभर ठाऊक होता. ‘क्षारयुक्त मृत्तिका’ म्हणे! मातीला माती म्हणताना जीभ झडते का, असं मी विचारलं. मग एकच नियम घातला: ज्याचं शेत, त्याला वाचून दाखवलं की त्याला आपलं शेत ओळखू आलं पाहिजे.

तिघांनी नाकं मुरडली. चौथा मात्र पेटला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. महिन्याअखेर अकोल्याच्या कचेरीत अहवाल वाचून दाखवायचे होते, आणि ज्याचा पसंत पडेल त्याला साहेब कायमची जागा देणार होता. ती मिळाली नाही तर या पोराचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. तो रोज लिहायचा, मी रोज खोडायचो, आणि त्याची वाक्यं सुधारताना पाहून मलाच हुरूप चढायचा.

वाचनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, अकोल्याच्या वाटेवर होतो. रस्ता कापसाच्या गाड्यांनी गच्च भरलेला, बैलांच्या शिंगांनासुद्धा कापूस चिकटलेला. मूर्तिजापूरजवळ मी त्याला म्हटलं, अहवाल गाडीवानाला वाचून दाखव. त्याला कळला तर साहेबाला कळेल. तो ऐटीत वाचू लागला. एका विधवा बाईची जमीन त्याने उत्तम ठरवली होती. पुढे वाक्य आलं: ‘आपला वावर चांगला नाही, असे बाईंनी स्वतःच कबूल केले, परंतु तो विषय परीक्षेच्या कक्षेबाहेरचा असल्याने सोडून दिला आहे.’

गाडीवानाने बैल थांबवले. “दादा, तुमी वावर तपासाले गेल्ते नं? मंग वावरच कावून सोडलं?”

मी पोट धरून हसलो. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात, हे पुण्याच्या पोराच्या गावीही नव्हतं. बाई म्हणाली होती, “मायं वावर काही चांगलं नाई.” त्याने वावर म्हणजे वागणं धरलं, ‘चांगलं’चं ‘चांगला’ करून तिचं व्याकरण सुधारलं आणि तिची अब्रू सरकारी कागदावर टांगली! मग माझं हसू आटलं. महिनाभर मी त्याला लिहायला शिकवलं होतं. समजलं नाही तर पुन्हा विचार, हे शिकवायचं मीच विसरलो होतो. माझी मलाच लाज वाटली.

नुसती ओळ खोडली असती तरी काम भागलं असतं. मी तसं सुचवलंही. “ती जमीन चांगली नाही, मास्तर,” तो म्हणाला. “मी माती फक्त रस्त्याकडेची घेतली.” आणि त्याने गाडीवानाला चार कोस मागे, बाईच्या शेताकडे वळायला सांगितलं.

बाईने त्याला बांधावरून पार आतपर्यंत नेलं. तिथे ढेकळांवर पांढरा खार फुटला होता. त्याने बोटाने माती चाखली, थुंकला आणि आनंदाने ओरडलाच. त्याचं सगळं रसायन त्या बाईने एका वाक्यात सांगून टाकलं होतं! तो विचारत गेला, ती सांगत गेली. शेवटी, ज्याचं शेत त्यालाच वाचून दाखवायचं म्हणून, आम्ही तिलाही दमणीत घेतलं.

अकोल्याला पोचलो ते एक दिवस उशिरा. साहेब संतापलेला होता, जागा दुसऱ्याला द्यायचं जवळपास ठरलं होतं. पोराने माफी मागितली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य होतं: ‘बाई म्हणाल्या, “माझं वावर चांगलं नाही.” मला ते कळलं नाही.’

वावर म्हणजे काय, साहेबाने विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगा बाईकडे वळला आणि म्हणाला, तुम्हीच सांगा.

बाईने पदर सावरला. साहेबाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“पुन्ना वाच, लेकरा,” ती म्हणाली. “मले मायं वावर वळखू येऊन राह्यलं.”