पश्चिमेकडचे डाग

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. माझं माहेर सोलापूर शहरातलं, दोन खोल्यांचं. डाळिंबाचं झाड मी जवळून पाहिलं ते नोकरी लागल्यावर. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या अडाणीपणाचा वाटा मोठा आहे.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला एक टॅबलेट आणि भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही दिला होता. पहिले काही महिने मी त्यावर नुसते व्हिडिओ दाखवले. मुलं शांत बसायची आणि मला वाटायचं, छान चाललंय. मग एका प्रशिक्षणात पिकांचे रोग ओळखणारं एक ॲप दाखवलं. पानाचा किंवा फळाचा फोटो काढायचा, की रोगाचं नाव आणि उपाय मराठीत हजर. मी परत आल्यावर सातवीच्या वर्गात 'झाडांचे डॉक्टर' असा उपक्रम सुरू केला. मुलांनी घरून काहीबाही आणायचं आणि टॅबलेटला विचारायचं. वर्गात एकदम जान आली.

मार्च महिना होता, सकाळची शाळा. वर्गातल्या एका मुलीनं दप्तरातून डाळिंब काढलं. ती मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. वडील पुण्याला कंपनीत होते, बाग आई एकटी सांभाळायची. फळाच्या एका बाजूला काळपट तपकिरी चट्टा होता. तिनं फोटो काढला. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं: तेल्या रोग. बाधित फळे तोडून नष्ट करावीत.

तेल्याचं नाव आमच्या भागात घराघरात माहीत आहे. त्यानं बागाच्या बागा गेलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. मी शाळा सुटल्यावर स्वतः तिच्या आईकडे गेले आणि म्हटलं, "ताई, तेल्या दिसतोय. डागाळलेली फळं लवकर काढा, नाहीतर पसरेल."

"तुमी बगितलं का नीट?" तिनं विचारलं.

"मशीननं तपासलंय," मी म्हणाले. मला तेव्हा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही, आईबरोबर फळं तोडत होती. तिसऱ्या दिवशी आली ती चार फळं घेऊनच. तास संपल्यावर माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, ह्यो तेल्या न्हाय वाटत."

"का गं?"

"डाग एकाच अंगाला हायत. मावळतीकडच्या. अन् पानावर एकबी डाग न्हाय. तेल्या आला की आदी पानावर दिसतो, तेलकट."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या मशीननं लाखो फोटो बघितलेत. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं की नाही?"

ती "व्हय" म्हणाली आणि फळं उचलून निघाली. तिच्या त्या "व्हय"मध्ये राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. घरी जाताना एसटीत ते "व्हय" कानात घुमत राहिलं. मी महिनाभर मुलांना सांगत होते, निरीक्षण करा, प्रश्न विचारा. आणि एका मुलीनं खरंच निरीक्षण केलं, तर मी तिला गप्प केलं. तेही स्वतः एकदा बागेत न जाता.

सकाळी हजेरी झाल्याबरोबर मी पूर्ण वर्गासमोर तिला म्हटलं, "काल तू जे मला सांगितलंस ते सगळ्यांना सांग. मी नीट ऐकलं नव्हतं." तिनं चाचरत सांगितलं. मग आम्ही सगळे टॅबलेट घेऊन तिच्या बागेत गेलो.

ठरलं असं, की प्रत्येक गटानं एक ओळ घ्यायची आणि पाळीपाळीनं टॅबलेटवर, झाडावर अजून राहिलेल्या प्रत्येक फळाचे दोन फोटो काढायचे, एक उगवतीकडून, एक मावळतीकडून. पानांचे वेगळे. आई बांधावर उभी राहून बघत होती. शाळेत परतून आम्ही फोटो टीव्हीवर शेजारी शेजारी लावले. उगवतीकडची फळं लालबुंद, स्वच्छ. चट्टे सगळे मावळतीकडे, तेही फांदीबाहेर लोंबणाऱ्या फळांवर. पानाआड झाकलेलं एकही फळ डागाळलेलं नव्हतं. मुलांना काही सांगावं लागलं नाही. "ऊन," मागून कुणीतरी म्हणालं.

तेच फोटो मी कृषी सहायकांना पाठवले. दुपारी ते स्वतः बागेत येऊन गेले. "उन्हानं भाजलीत फळं. तेल्या नाही. उरलेली झाकून घ्या," असं म्हणाले.

संध्याकाळी मी तिच्या आईकडे गेले. आधी तोडलेली फळं खड्ड्यात पुरून झाली होती. मी म्हणाले, "चूक माझी आहे. न बघता सांगितलं मी."

तिनं हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार लोकांना इचारलं असतं, मॅडम. तुमी म्हणलात म्हणून न्हाय इचारलं."

तिनं रागावून नाही, नुसतं जे होतं ते सांगितलं. थोड्या वेळानं चहा ठेवला.

पुढच्या दोन दिवसांत मुलांनी घरोघरच्या जुन्या साड्या गोळा केल्या आणि ओळींवर मावळतीच्या बाजूनं बांधल्या. हिरव्या, जांभळ्या, फुलाफुलांच्या. उरलेली फळं बरीचशी चांगली निघाली.

त्यानंतर मी ॲप बंद केलं नाही. काही सहकाऱ्यांना वाटलं होतं, करीन. फक्त फळ्याचे दोन भाग केले: मशीन काय म्हणतं आणि आपण काय बघितलं. दोन्ही जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर बागेत. कधी मशीन बरोबर निघतं, कधी मुलं. एकदा एका मुलानं मशीनला खोटं पाडायचंच म्हणून हट्ट धरला आणि लिंबावरच्या अळीबाबत तोच चुकला, तेही फळ्यावर लिहिलं. उद्या ही मुलं कुठली कामं करतील मला माहीत नाही. त्यातली बरीच कामं आज अस्तित्वातही नसतील, असं प्रशिक्षणात सांगतात. पण समोरचा कितीही ठामपणे बोलला तरी स्वतः जाऊन बघायचं, आणि बघितलेलं धीटपणे सांगायचं, एवढं त्यांना यावं असं मला वाटतं. मला ते चाळिशीनंतर शिकावं लागलं.

ती मुलगी आता सांगोल्याला हायस्कूलला जाते. मागच्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. नवीन बहाराच्या पानांवर बारीक ठिपके दिसत होते.

"फोटो पाठवता का?" मी विचारलं.

"फोटो नको. पोरांना घिऊन या की," ती म्हणाली. "बगू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आम्ही गेलो.