मिळाल्याची पोच

सीमाभागातल्या येळ्ळूरचे एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतात. मी त्यांना आप्पा म्हणतो. आयुष्यभर त्यांनी गावाचे अर्ज मराठीत लिहिले. सरकारी कचेरीतला खिडकीमागचा कारकून "कन्नडात आणा" म्हणायचा आणि पोच न देताच कागद परत सरकवायचा.

आता आप्पा माझ्या कॉम्प्युटरवर फ्रान्सच्या राज्यक्रांतीचे कागद वाचतात. क्रांतीआधी तिथल्या खेड्यांनी राजासाठी लिहिलेल्या तक्रारींचे फोटो इंटरनेटवर आहेत. मशीन त्यांचं धेडगुजरी मराठी करून देतं. मिठावर कर फार आहे, जमीनदाराची कबुतरं पेरलेलं खातात, असलं काहीबाही. गिऱ्हाइकं ताटकळतात, पण आप्पांचं लक्ष कागदाच्या कडांवर.

"मोठं कर रं. शिक्का हाय काय कुठं?"

शिक्का नसतो. मग ते चष्मा काढून डोळे चोळतात.

परवा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, पुढं त्या राजाचं डोकंच उडवलं की!"

"व्हय. पर ह्या गावाला उत्तर कुठं आलं?"

त्यांनी त्या तक्रारीची प्रिंट मागितली. खिशातलं पेन काढून कोपऱ्यात 'अर्ज मिळाला' असं लिहिलं, आजची तारीख घातली आणि खाली सही केली.