मिथाइलची जागा

अण्णांनी मला एनएमआर वाचायला शिकवलं ते कागदावर. यंत्रातून निघालेला आलेख ते टेबलावर पसरायचे आणि पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. "रेणूची आकृती आधी बघायची नाही," म्हणायचे. "आधी रेघा बघ. उलटं केलंस तर तुला जे हवंय तेच दिसेल."

आमची प्रयोगशाळा बंगळूरच्या बाहेर, देवनहळ्ळीच्या बाजूला आहे. दुसऱ्या कंपन्यांना औषधांसाठी लागणारे रेणू आम्ही बनवून देतो. वरच्या मजल्यावर केमिस्ट रेणू बनवतात, आणि जे बनलं ते खरंच तेच आहे का, हे खाली एनएमआर यंत्राच्या मोठ्या चुंबकाशेजारी बसून आम्ही सांगतो. बारीक काचेच्या नळीत नमुना विरघळवून चुंबकात सोडला, की त्यातला प्रत्येक हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे वेगळ्या जागी रेघ उमटवतो. रेणूत कोण कुणाशेजारी बसलंय, हे त्या रेघांवरून ओळखायचं. या उंच रेघांना आम्ही पीक म्हणतो. सुरुवातीला मी घरी सांगायची, आज दिवसभर पीकं बघितली, तर आईला वाटायचं लॅबच्या मागं शेती आहे.

अण्णा आमचे सीनियर. माझ्यासारखेच जयनगरचे, माझ्यासारख्याच जुन्या मराठी घरातले, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून भाषेत कन्नड मुरलेलं. कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. जाऊन येऊन तीन तास. माझं बरंचसं शिक्षण त्या बसमध्ये झालं.

मग ऑटोमेशन आलं. नळ्या यंत्रात ठेवायला रोबोट आणि आलेख वाचायला सॉफ्टवेअर. केमिस्टनं काढलेली आकृती आणि यंत्राचा आलेख जुळला तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, जुळलं नाही तर लाल. आम्ही फक्त पिवळे आणि लाल बघायचे. हिरवा बदलायचा असेल तर फॉर्म भरून कारण द्यायचं.

त्या सॉफ्टवेअरला शिकवायला आमचेच जुने आलेख वापरले. अण्णांनी आणि मी कित्येक महिने बसून ते त्यात भरले. प्रत्येक पीक कुठल्या हायड्रोजनचं, ते लिहून. अण्णांनी ते काम मन लावून केलं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय." ते म्हणाले, "माझ्यानंतर कुणीतरी वाचायला हवं ना. माणूस वाचो की मशीन. नीट वाचलं म्हणजे झालं."

सॉफ्टवेअर सुरू झालं तरी ते हिरवे आलेखही उघडून बघायचे. एकदा त्यांनी एक हिरवा अडवला. पाच अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन एकमेकांना लागून. मिथाइल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनांचा छोटा गट, त्यातल्या कुठल्याही एकावर बसू शकतो. दोन्हींचं वजन तेच, आलेखही जवळपास तेच. फरक एवढाच, की मिथाइलच्या शेजारी कोण येतं. अण्णांचं म्हणणं होतं, मिथाइल चुकीच्या नायट्रोजनवर बसलाय.

"कशावरून?" मी विचारलं.

"हे पीक बघ. स्वल्प डावीकडे सरकलंय. मला बरं वाटत नाहीये."

त्यांनी फॉर्म भरला आणि दुसरा, जास्त वेळ खाणारा प्रयोग लावला, ज्यात कुठला हायड्रोजन कुणाच्या जवळ आहे हे थेट कळतं. सॉफ्टवेअर बरोबर निघालं. मिथाइल जिथं हवा तिथंच होता.

चूक कुणाचीही होते. पण त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये आमच्या साहेबानं पडद्यावर एक आलेख दाखवला. कुणी किती हिरवे अडवले आणि त्यातले किती खरे निघाले. नावं नव्हती, पण खोलीत आम्ही दोघंच एनएमआरचे. साहेब वाईट माणूस नव्हता. हसून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय त्याला. आता त्याच्यावर विश्वास ठेवा."

अण्णा कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "सरी." बरं, ठीक आहे.

त्यानंतर त्यांनी हिरवा आलेख उघडलेला मी पाहिला नाही. बसमध्येही ते डोळे मिटून बसायला लागले.

पावसाळा संपता संपता तशाच कड्याचा आणखी एक नमुना आला. वरच्या मजल्यावरच्या एका केमिस्ट मुलीचा. ती मारतहळ्ळीहून यायची, अंबरनाथची, पुण्यात शिकलेली. मी बंगळूरची असून मराठी बोलते याचं तिला कौतुक. बाकीच्यांचं ऐकून मला अक्का म्हणायची. नमुना हिरवा आला. दुसरं काही शोधताना तो माझ्याकडून उघडला गेला, आणि मी थांबले. पीक सरकलेलं होतं. फार नाही. सॉफ्टवेअरला चालेल इतकंच. पण मला ते बरं वाटलं नाही. तेच शब्द माझ्या मनात आले.

अण्णा माझ्यामागून चहाचा कप घेऊन जात होते. ते थांबले. पडद्याकडे बघितलं. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते तसेच आपल्या जागेवर जाऊन बसले. मी मिनिटभर फॉर्म उघडून ठेवला. कारणाच्या चौकटीत काय लिहायचं? बरं वाटत नाही? दुसरा प्रयोग लावायचा तर रांगेतले नमुने थांबवावे लागणार, आणि मीटिंगमध्ये पुन्हा तो आलेख. मी फॉर्म बंद केला.

त्या मुलीनं त्या रेणूवर आणखी चार पायऱ्या चढवल्या. जवळजवळ तीन महिने. प्रत्येक पायरीवर हिरवा आला, कारण पाया चुकला होता तरी वरचं सगळं त्या पायावर नीट बसत होतं. शेवटचा रेणू तो मागवणाऱ्या कंपनीला पाठवला, तेव्हा तिकडच्या लोकांनी स्फटिक करून तपासला. मिथाइल चुकीच्या नायट्रोजनवर होता. तीन महिन्यांचं सगळं फेकून द्यायचं.

ती खाली आली तेव्हा मी एकटीच होते. उरलेल्या पहिल्या नमुन्याची नळी तिच्या हातात होती. रडत वगैरे नव्हती. "अक्का, याचा तो दुसरा प्रयोग लावाल का?" म्हणाली. मी लावला. ती स्टुलावर बसून राहिली. निकाल काय येणार ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि तोच आला.

मग तिनं विचारलं, "तेव्हा हे कुणी बघितलं होतं का?"

मी म्हटलं, "हिरवा आला होता गं. हिरवे आम्ही बघत नाही."

तिनं मान डोलावली. ते खोटं आहे अशी शंकासुद्धा तिच्या चेहऱ्यावर आली नाही. तिनं माझे आभार मानले.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, प्रक्रियेनुसार सर्व योग्य. त्या प्रकारच्या कड्यांसाठी पीक किती सरकलेलं चालेल याची सॉफ्टवेअरमधली मर्यादा थोडी कमी केली, एवढंच. तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. म्हणे आता एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. केमिस्ट्री सुटलीच.

अण्णांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांना भेटायला मी जयनगरला गेले, तेव्हा वहिनींनी उप्पिट्टू केलं होतं. खाऊन झाल्यावर त्या आत गेल्या आणि मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही बघितलं होतंत."

"हो. तूही बघितलंस."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या. "मला वाटलं, तू बोलशील. तू लहान आहेस, तुझं ऐकतील."

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मी निघताना ते गेटपर्यंत आले. "त्या मुलीला सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "आता सांगून काय," ते म्हणाले, आणि कडी लावून घेतली. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेली नाही. त्यांचाही फोन आला नाही.

एनएमआरच्या खोलीत आता मी एकटी असते. नमुने पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतात, माझ्यापर्यंत पोचतात ते थोडे. मध्यंतरी मनात आलं, रोज निदान एक हिरवा आलेख आकृती न बघता वाचायचा. काही दिवस वाचलेही. मग एकदा एका आलेखात मधोमध पीकांचा गुंता होता, सात-आठ रेघा एकमेकींत अडकलेल्या. पूर्वी असा गुंता मी चहा संपेपर्यंत सोडवला असता. त्या दिवशी तासभर बघत बसले. दोन हायड्रोजन ओळखले, तिसरा काही केल्या सापडेना. शेवटी सॉफ्टवेअरचं उत्तर उघडून बघितलं. बरोबर असावं. चूक असलं तरी मला आता ते कळलं नसतं.