कॅप्टन, लेफ्टनंट, पुन्हा कॅप्टन

कंधारच्या सिद्धेश्वरचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात दुखतं. आता उघडच सांगतो, लपवून काही उपयोग झाला नाही.

मी अंबरीश. नांदेडच्या एका कॉलेजात शिकवतो, एनसीसी सांभाळतो आणि वीस वर्षं हौशी नाटकांत मुख्य भूमिका करतो. सिद्धेश्वरचं कंधारच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान. माझ्या नाटकांत तो कधी शिपाई, कधी पोस्टमन, एकदा तर नुसतं प्रेत. प्रेताचं काम मात्र बरं करायचा.

तीन वर्षांपूर्वी एका हिंदी मालिकेसाठी माणसं निवडायला मुंबईची मंडळी नांदेडला आली. अंतराळातल्या फौजेची गोष्ट. त्यांनी आधी मलाच विचारलं. यानाच्या दाराशी उभं राहायचं आणि एक वाक्य म्हणायचं. एका वाक्यासाठी मी रजा टाकू? मी ऐटीत नाही म्हटलं. त्याच कामासाठी सिद्धेश्वर दुकानाला कुलूप लावून गेला.

मालिका लागली आणि जिकडे तिकडे तोच. एक ऑटोवाला मला म्हणाला, "सर, तुमी त्यांच्यासंग नाटकात काम केलंय म्हणे?" त्यांच्यासंग! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी प्रत्येक भाग पाहिला, फक्त चुका काढायला. आणि सापडली! तिसऱ्या भागात त्याच्या खांद्यावर तीन तारे, म्हणजे कॅप्टन. पाचव्यात दोनच, लेफ्टनंट. अकराव्यात पुन्हा तीन. मध्ये ना शिक्षा, ना बढती, कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आमचा नवखा कॅडेटसुद्धा खांद्यावरचा बिल्ला असा हरवत नाही. मी चित्र थांबवून बायकोला, सरोजिनीला, दाखवलं. ती म्हणाली, "त्याच्या खांद्याकडं कोण बघतंय, तुमच्याशिवाय?"

कंधारला त्याचा सत्कार ठरला आणि प्रमुख पाहुणा म्हणून मलाच बोलावणं आलं. मी मनाशी ठरवूनच गेलो. हार घालून झाल्यावर माईकवर विचारलं, "सिद्धेश्वर, कॅप्टनसाहेबांचा एक तारा मध्येच कुठं सांडला? अन् परत कुणी आणून दिला?" लोक खो-खो हसले. मला फार बरं वाटलं.

सिद्धेश्वर लाजला. "सर, तुमी एवढं बारीक पाहिलात? माझ्या घरच्यांनी बी न्हाई पाहिलं." मग माईक हातात घेऊन म्हणाला, "पैल्यांदा मी कॅप्टनच व्हतो. पण वाक्य म्हणायला गेलो की जीभ अडकायची. सतरा खेपा झाल्या. डायरेक्टर चिडले, म्हणाले, वाक्य दुसऱ्याला द्या, ह्याचा एक तारा काढा. मंग मी लेफ्टनंट म्हणून नुसता हुबा. पण रोज वाक्यं पाठ करून राहिलो. एक दिवस तो दुसरा माणूस आलाच न्हाई. म्हणलं, एक डाव मला द्या. अन् तुमचं आठवलं, सर. तुमी कसं आधी गप ऱ्हाता, समोरच्याकडं बघता, मंग हळू बोलता. तसंच केलो. एका खेपेत पास. त्यांनी तारा परत लावला."

टाळ्या थांबेनात. त्याने स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि वाकून पाया पडला. मी हसलो, त्याला उठवलं, पाठ थोपटली. आतून नुसता जळत होतो. वाटत होतं, ह्या टाळ्या माझ्या आहेत, माझ्याकडून उचलून नेलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावा भाग पुन्हा लावला. इतके दिवस मी त्याचे खांदेच मोजत होतो. आता तोंडाकडे पाहिलं. यान कोसळतंय, सगळे ओरडतायत, आणि हा दाराशी गप्प उभा. समोरच्याकडे बघतो. मग हळूच म्हणतो, "तुम निकलो. दरवाज़ा मैं संभालता हूँ."

लकब माझीच होती. वीस वर्षं मी ती वापरतो आहे. आणि त्याने ती माझ्यापेक्षा चांगली केली होती.