अक्काच्या अठरा नोटा

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, आधीच माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन धरला तो फक्त सही करायला. आणि हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

सरकारने पाचशे-हजाराच्या नोटा बंद केल्या, तेव्हाची गोष्ट. आम्ही जामनेरला राहतो. शेजारी अक्का, विधवा बाई, उडदाचे पापड लाटून जगते. लाटून लाटून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या, बँकेचं मशीन तिचा अंगठा घेईना, म्हणून तिचं खातं निघालं नाही. माझं होतं. सरकारनेच एक पैसा न घेता काढून दिलेलं. त्यात कधी शंभर रुपयेसुद्धा टिकले नव्हते.

त्याच आठवड्यात भाऊ घरी आले. भाऊ म्हणजे पुढारी माणूस. आमचे हे त्यांच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलतात. ओट्यावर बसून हसत म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही शेठाणी! एकोणपन्नास हजार टाकतो तुमच्या खात्यात. सावकाश काढून द्या, दोन हजार तुमचे." पन्नासच्या वर गेलं की चौकशी लागते, हेही त्यांनीच सांगितलं. मी मान हलवली. नाही कसं म्हणणार होते? — पण खरं सांगू? मला ते दोन हजार हवेही होते.

पुढे रांगेत नोटा बदलून देणं बंद झालं, नुसत्या खात्यात भरता येत होत्या. तेव्हा अक्का आली. पुरचुंडीत पाचशेच्या अठरा नोटा. शिंदखेड्याला दिलेली लेक पहिलटकरीण, तिला बाळंतपणाला माहेरी आणायची होती. म्हणाली, "बैन, तुना खातामा टाकी दे. तुनावर मना बठ्ठा भरोसा शे."

माझ्या खात्यात भाऊंचे एकोणपन्नास हजार आधीच पडले होते, तिचे नऊ हजार टाकले की पन्नासच्या वर जाणार. खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्या कुणाकडे गेली असती. दिवस होते अजून. पण भाऊंचे पैसे आहेत हे कसं सांगू? मी म्हणाले, "थांब अक्का, मुदत वाढणार आहे म्हणतात." रोज नवा नियम निघत होता, तिला ते खरं वाटलं. ती थांबली. दर दोन दिवसांनी विचारायची, मी तेच सांगायची. मुदत संपली — आणि नोटांचा कागद झाला.

लेकीला आणलं नाही. बाळंतपण सासरीच झालं, वर सासूने ऐकवलं की आईला एक बाळंतपण झेपलं नाही. अक्का माझ्यापाशी बसून रडली. म्हणाली, सरकारने बुडवलं. आणि मी — मी म्हणाले, हो अक्का, सरकारनेच.

भाऊंचे पैसे मी थोडे थोडे काढून पोचवले. शेवटी कसंबसं दोन हजारांचं विचारलं. ते हसले. "वहिनी, घरच्या माणसांत कुठे हिशोब असतो का?" फसवल्यासारखं वाटलं. पण ते कुणाला सांगायचं तोंड होतं का मला?

परवा-परवा निवडणुकीच्या आधी बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार येऊ लागले. अक्काचं वय बसेना, तिला नाही मिळाले. मी माझे काढून तिला देऊ लागले. म्हणाले, बुडालेल्या नोटांचे पैसे सरकार हप्त्याने परत देतंय, माझ्या खात्यात येतात. पुन्हा खोटंच. तिला खरं वाटलं. मतदान करून आली, बोटावरची शाई दाखवत म्हणाली, "भाऊनी सांगं तेच बटन दाबं मी. मना बुडेल पैसा त्यासना सरकारनी दिधा."



पुढच्या महिन्यात सहावा हप्ता तिच्या हातावर ठेवला. तिने बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. नऊ हजार पूर्ण फिटले.