आपल्याच खिडक्यांना नावं ठेवणारा

त्या गावात एकोणतीस कॉलेजं होती, आणि एकोणतिसांपैकी कुठल्या कॉलेजच्या कुठल्या खिडकीची काच कधी तडकली हे तोंडपाठ सांगेल असा माणूस एकच होता. त्याला सगळे काचवाला म्हणत. बायकोसुद्धा चिडली की "अहो काचवाले" म्हणायची, एरवी नुसतंच "अहो".

विद्यापीठ तसं एकच. परीक्षा त्याची, पदवी त्याची. पण मुलांनी राहायचं, जेवायचं आणि दोघं-दोघं मास्तरांसमोर बसून डोकं खाजवायचं ते आपापल्या कॉलेजात. म्हणजे विद्यापीठात शिकायचं तर आधी कॉलेज निवडा, आणि अर्जावर नाव घाला एकाचंच. दोन घातलीत तर अर्ज बाद. ज्यांच्या घरातले आजोबा-पणजोबा तिथे शिकले त्यांना कुठलं कॉलेज कसलं हे चालायला लागायच्या आधी कळतं. बाकीच्यांनी कुणाला विचारायचं? काचवाल्याच्या लेकीने बाबांना विचारलं. तीस वर्षं सगळ्या कॉलेजांत जाऊन-येऊन असलेला माणूस घरातच असताना बाहेर कशाला जायचं?

लेक दगडवेडी होती. पाचवीत असताना नदीवरून दप्तर भरून दगड आणले आणि दप्तरातली पुस्तकं नदीवरच ठेवून आली. तेव्हापासून घरात फ्रिजवर दगड, चपलांच्या फळीवर दगड, बाबांच्या हत्यारांच्या पेटीतही दगड. आई म्हणायची, "या घरात पाय टाकायचा तर आधी दगडांची परवानगी काढावी लागते." पण त्या वेडापायीच पोरीने असे मार्क मिळवले की शाळेतल्या बाईंनी स्वतः अर्ज आणून हातात दिला. भूगर्भशास्त्रच शिकायचं, हे तिचं ठरलेलं होतं. प्रश्न कॉलेजचा होता.

दोन नावं उरली. एक नदीकाठचं, ज्याला सगळं गाव थोरलं म्हणायचं. दुसरं बस डेपोच्या मागचं, ते धाकटं. थोरल्यात दगडांचे तीन-तीन मास्तर. धाकट्यात एकही नाही. तिथल्या मुलांना त्या विषयासाठी कुणाकुणाच्या दारात पाठवायचे. खरं तर यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"थोरलं नको," काचवाला म्हणाला.

"का हो बाबा?"

"गारठून जाशील. खिडक्यांतून नुसता वारा येतो. पायात दोन-दोन मोजे घालून झोपावं लागेल."

"पण तिथल्या खिडक्या तुम्हीच बसवल्यात ना?"

"सगळ्या नाही," काचवाला म्हणाला आणि चहात नको असलेली साखर ढवळत बसला.

हे साफ खोटं होतं. थोरल्याच्या वाचनालयाच्या सेहेचाळीस उंच खिडक्या त्याने दोन हिवाळे परांचीवर उभं राहून एकट्याने बसवल्या होत्या. आयुष्यात त्याने कुणाच्या कामाला नावं ठेवली असतील, स्वतःच्या कामाला कधी नाही. आता ठेवत होता, आणि तीही लेकीसमोर.

त्यामागचं कारण अगदी लहान होतं. थोरल्यात कारागिरांनी मागच्या गल्लीतल्या फाटकाने यायचं असा रिवाज. त्याचं त्याला काही वाटत नसे, तिथला रखवालदार चहा पाजायचा. पण एकदा एका खोलीचं तावदान बदलायला त्याने दार वाजवलं. आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे? दार उघडणारा मुलगा मागे वळून म्हणाला, "कोणी नाही, काचवाला आलाय." मुलगा वाईट नव्हता. काम झाल्यावर त्याने आभारही मानले. पण ते 'कोणी नाही' काचवाल्याच्या मनातून जाता जाईना. उद्या आपली पोर त्याच खोल्यांत बसेल आणि मागून कुणी म्हणेल, ती होय, ती काचवाल्याची. हे पोरीला सांगायचं कसं? म्हणून बिचाऱ्या खिडक्यांच्या माथी दोष मारला.

काचेच्या बाबतीत बाबांच्या शब्दापुढे जायचं नाही असं लेकीला लहानपणापासून माहीत. तिने पेन्सिलीने अर्जावर धाकट्याचं नाव लिहिलं. अर्ज सोमवारी द्यायचा होता.

आई मात्र ऐकेना. "शनिवारी थोरलं सगळ्यांना बघायला खुलं आहे. नुसतं बघून तर या. मी वांगंसुद्धा उलटून बघितल्याशिवाय घेत नाही."

शनिवारी दोघं निघाले. नदीच्या वळणावर काचवाल्याचे पाय आपोआप मागच्या गल्लीकडे वळले. लेकीने बाही धरली. "बाबा, कुठे निघालात? फाटक हे काय समोर."

समोरच्या फाटकातून तो तीस वर्षांत पहिल्यांदा आत गेला. पायपुसण्यावर त्याने बूट दोनदा पुसले, आणि कुणी अडवलं नाही याचंच त्याला नवल वाटलं. आत मुलं आणि आईबाप मिळून तीसेक माणसं जमली होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सगळ्यांना कॉलेज दाखवत होती. ती त्यांना जिना चढून वाचनालयात घेऊन गेली, आणि काचवाला दारातच थांबला.

ही जागा त्याला पाठ होती, पण वरून. त्याच्या वेळी इथे सगळ्यावर चादरी टाकलेल्या असायच्या, हवेत धूळ, आणि त्याचं नाक तावदानापासून वीतभर अंतरावर. काचवाला जन्मभर काचेकडे बघतो. काचेतून आत काय येतं ते बघायला त्याला सवड कधी मिळते? आज चादरी नव्हत्या. सेहेचाळीस खिडक्यांतून उजेड खाली येत होता. लांबच लांब टेबलांवर, उघड्या पुस्तकांवर, वाचणाऱ्यांच्या मानांवर, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत तो सारखा पसरला होता. कोणी बोलत नव्हतं. एवढी पुस्तकं माणसांनी लिहिली आणि ती वाचता यावीत म्हणून हा उजेड आत घ्यायचं काम आपल्याकडे आलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याने नकळत टोपी काढून हातात घेतली.

खिडक्यांखाली कंबरेइतकी उंच लाकडी कपाटं होती. त्याला ती चांगली आठवत होती. त्यांच्यावर फळी टाकून, तिच्यावर उभं राहून त्याने खालच्या काचांच्या कडा लांबीने, म्हणजे काच पक्की बसवायच्या लगद्याने, भरल्या होत्या. दाखवणाऱ्या मुलीने त्यातला एक खण ओढला. आत कापसावर दगड मांडलेले.

"हात लावू?" लेकीने विचारलं.

"लावायलाच ठेवलेत."

लेकीने एक काळपट तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने चाचपला आणि हळूच त्याचं नाव सांगितलं. मुलीने खालची चिठ्ठी वाचली. बरोबर. दुसरा. तोही बरोबर. तिसऱ्याला लेक म्हणाली, "हा समुद्राच्या तळातून वर आलेला आहे. तेव्हा जमिनीवर गवतसुद्धा नव्हतं." आजूबाजूची माणसं पुढे सरकली. काचवाला लेकीकडे बघतच राहिला. ही आपल्या घरची, आपल्या हत्यारांच्या पेटीत दगड ठेवून ओरडा खाणारी पोर. दोन हिवाळे ज्या कपाटांवर आपण उभे होतो त्यांच्यात काय आहे हे तिने हातात घेऊन सांगितलं. त्याला तिचा धाक वाटला, खरोखरचा धाक, आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात लांब कोटातल्या एका बाईंनी विचारलं, "इथे थंडी फार असेल, नाही?"

"इमारत जुनी आहे," दाखवणारी मुलगी म्हणाली. "खिडक्यांतून थोडाफार वारा येतच असणार."

लेकीने हातातला दगड जपून जागेवर ठेवला आणि खण लोटला.

खरं सांगायचं तर आधी काचवाल्याचा अभिमान बोलला, बाप नंतर. "कोण म्हणतं येतो?" तो म्हणाला. खिशातल्या रुमालाचा एक धागा त्याने ओढून काढला आणि चिमटीत धरून तावदानाच्या कडेला नेला. काम झाल्यावर तो असंच तपासायचा. धागा हलला नाही. दुसऱ्या खिडकीपाशी गेला. तिथेही नाही. तिसरी, चौथी. तीसच्या तीस माणसं त्याच्या मागोमाग खिडकी ते खिडकी, आणि सगळ्यांचे डोळे त्या एका धाग्यावर. "सेहेचाळीस आहेत," तो म्हणाला. "सगळ्या मी बसवल्यात. एकीतूनही वारा येत नाही."

बोलून झालं आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. लेक त्याच्याकडे बघत होती.

बाहेर हिरवळीच्या कडेच्या बाकावर दोघं बसले.

"सगळ्या तुम्ही बसवल्यात," लेक म्हणाली.

"सगळ्या."

"मग मला तसं का सांगितलंत?"

काचवाल्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "इथे मी कोणी नाही, पोरी. तू इथे आलीस की तुला माझ्यावरून ओळखतील. मी भ्यालो."

लेकीने ती टोपी उचलून तिच्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "आता तर तीस जणांना कळलं."

"कळलं."

"तुम्हीच सांगितलंत. तेही ओरडून."

"ओरडून नाही. जरा मोठ्याने."

लेकीला हसू आलं. तिने पिशवीतून अर्ज काढला, पेन्सिलीने लिहिलेलं नाव खोडलं आणि शाईने थोरल्याचं घातलं. मग खालच्या रकान्यावर ती थांबली. वडिलांचा व्यवसाय. तिथे त्याच्याच सांगण्यावरून तिने आधी 'व्यापार' लिहिलं होतं. तेही तिने खोडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'काचा बसवतात. या वाचनालयाच्या सगळ्या त्यांनी बसवल्या आहेत.'

"एवढं कशाला लिहायचं?" काचवाला म्हणाला.

"रकान्यात जागा आहे," लेक म्हणाली आणि शाई वाळावी म्हणून अर्जावर फुंकर घालू लागली.